नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपण सारेच येताजाता वापरतो. परंतु ती किती बारीक निरीक्षणातून आली असेल याचा विचार क्वचितच करतो. घरात नवी सून आली, कचेरीत नवा साहेब आला, मुलाला नवे दप्तर मिळाले, की कौतुकाला भरते येते आणि थोड्याच दिवसांत ते ओसरते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि तीन शब्दांत बांधून ठेवले. दहाव्या दिवसाविषयी मात्र ही म्हण काही सांगत नाही. ते सांगण्याची गरज वाटली नसावी. दहाव्या दिवशी आपल्याकडे काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आपल्या बहुतेक संकल्पांच्या नशिबी दहाव्या दिवशी तेच येते!

आज मला बोलायचे आहे ते या दहाव्या दिवसाविषयी. पहाटे उठण्याचा, फिरायला जाण्याचा, रोज चार पाने वाचण्याचा, जमाखर्च लिहिण्याचा, किंवा एखादी नवी भाषा शिकण्याचा संकल्प आपण करतो. तो करताना मनात मोठी उमेद असते. पुढे उमेद आटते आणि संकल्प मात्र उभा राहतो, पाणी आटलेल्या विहिरीवरच्या रहाटासारखा. अशा वेळी काय करावे? असा मनुष्य ‘आरंभशूर’ म्हणून हिणवला जातो. परंतु हिणवण्याने कोणाची सवय टिकल्याचे ऐकिवात नाही. म्हणून थोडे शांतपणे या प्रश्नाकडे पाहू.

मी राहतो नोएडात. हे नाव ऐकून एखादे जुने गाव डोळ्यांपुढे आणू नका. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी या शहराची स्थापना कागदोपत्री झाली आणि यमुना व हिंडण या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर ते उभे राहिले. येथे पेठा नाहीत, आळ्या नाहीत. सेक्टर आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे नोकरीसाठी आली आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

या मराठी घरांतील एका संकल्पाची हकीकत सांगतो, म्हणजे माझा विषय हवेत राहणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. राजधानीत याआधी संमेलन झाले होते ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे सत्तर वर्षांनी हा योग आला. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसांना त्या तीन दिवसांत केवढे भरून आले असेल! ग्रंथांच्या पिशव्या हाती घेऊन माणसे घरी परतली आणि अनेकांनी मनाशी ठरवले की, आता घरातल्या मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायचेच.

माझ्या परिचयाच्या एका घरानेही तसेच ठरवले. वडील सांगलीकडचे, आई नाशिकची, मुलगी नऊ वर्षांची. मुलीला मराठी समजते; पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खाली मैदानात हिंदी, त्यामुळे आईने मराठीत विचारावे आणि तिने हिंदीत उत्तर द्यावे असा घरचा रिवाज पडून गेला होता. संमेलनाहून येताना अकरा पुस्तके आणली. रोज रात्री आठ ते साडेआठ मराठीचा तास, असे ठरले. पहिला आठवडा मोठ्या आनंदात गेला. दुसऱ्या आठवड्यात वडिलांना कचेरीतून यायला दोनदा उशीर झाला. मार्चमध्ये शाळेची परीक्षा आली. एप्रिलमध्ये ती अकरा पुस्तके कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेली. कोणी संकल्प मोडला नाही. तो आपोआप विरून गेला.

यात एवढे गंभीर ते काय, असे कोणी म्हणेल. फिरायला जाणे राहिले तर वजन चार शेर वाढेल, एवढेच ना? परंतु येथे गोष्ट वेगळी आहे. सांगलीला त्या मुलीची आजी आहे. तिला हिंदी बेताचीच येते. सुट्टीत भेट होते तेव्हा आजी जवळ घेते, लाडू देते, केसांवरून हात फिरवते. परंतु आजी आणि नात यांचे बोलणे मात्र चार वाक्यांपुढे जात नाही. आजीपाशी सांगण्यासारखे सत्तर वर्षांचे आयुष्य आहे आणि ते ऐकून घेण्यासाठी नातीजवळ भाषा नाही. भाषा शिकण्याला मुदत नसते, पण आजीच्या वयाला असते. दहाव्या दिवशी सुटलेल्या संकल्पाची किंमत कधी कधी अशी असते आणि ती आपल्याला फार उशिरा कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उमेद का आटते? माझे म्हणणे असे की, ती आटावी हाच तिचा स्वभाव आहे. नवेपणा मनाला जागे करतो. नवी वस्तू, नवा रस्ता, नवा माणूस यांच्याकडे लक्ष जाणे हे प्राणिमात्राच्या रक्षणासाठी आवश्यकच असते. परंतु तीच वस्तू रोज दिसू लागली की मन तिच्याकडे पाहणे सोडून देते. तसे झाले नाही तर माणसाला दुसरे काही सुचायचेच नाही. म्हणजे उत्साह ओसरणे हा दुर्गुण नव्हे. चूक होते ती आपल्या हिशेबात. पहिल्या दिवशी जेवढी उमेद होती तेवढीच शंभराव्या दिवशीही असेल, असे धरून आपण बेत आखतो. आणि ती तेवढी नाही असे दिसले की, ‘हे काम आपल्या स्वभावात नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो.

मी शासकीय सेवेत आहे, तेव्हा उदाहरण माझ्या व्यवसायातलेच देतो. सरकारी अंदाजपत्रकात दोन प्रकारचे खर्च असतात, एक भांडवली आणि दुसरा महसुली. पूल बांधणे, इमारत उभारणे हा भांडवली खर्च. त्या पुलाला रंग देणे, इमारतीचे गळके छप्पर दुरुस्त करणे, दिवे बदलणे, झाडलोट करणे हा महसुली खर्च. पहिल्या खर्चाला कोनशिला असते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. दुसऱ्याला यातले काहीच नसते. आजवर नळाच्या वायसरचे उद्घाटन झालेले कोणी पाहिले आहे काय? तरीही इमारत उभी राहते ती त्या दुसऱ्या खर्चावर. उभारणीच्या वेळीच जो देखभालीची तरतूद करून ठेवतो तो शहाणा प्रशासक. आपले संकल्प नेमके येथेच फसतात. संकल्प हा भांडवली खर्च आहे आणि तो उत्साहाच्या एका हप्त्यात भागतो. सवय हा महसुली खर्च आहे, तो रोज लागतो, आणि त्याची तरतूद आपण केलेलीच नसते.

मग ही तरतूद किती दिवसांसाठी करावी? एकवीस दिवसांत कोणतीही सवय जडते, असे सर्रास सांगितले जाते. याचे मूळ मोठे गमतीचे आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन शल्यचिकित्सक चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया करीत. आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदवले. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘निदान’ हा शब्द गाळला आणि चेहऱ्याच्या जागी वाटेल ती सवय घातली!

प्रत्यक्ष पाहणी झाली ती पुष्कळ नंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी साधी कृती रोज एका ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते की, सवय अंगी मुरायला साधारणतः ६६ दिवस लागतात. परंतु माणसामाणसांत आणि कामाकामांत फरक एवढा की, कोणाला १८ दिवस पुरावेत, तर कोणाला २५४ लागावेत असा हिशेब निघाला. पेलाभर पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते. व्यायामाची उशिरा लागते. आणि यापुढचा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्याच्या क्रमात त्याने विशेष बिघाड होत नाही.

या आकड्यांचा अर्थ आपल्यापुरता काढू या. उमेद नऊ दिवसांची आणि सवय साठ-सत्तर दिवसांची. म्हणजे मध्ये पन्नास-साठ दिवसांची एक ओसाड वाट आहे. या वाटेवर पहिला उत्साह मागे राहिलेला असतो आणि सवयीचे गाव अजून दिसत नसते. आरंभशूर म्हणून ज्यांना आपण हसतो ती माणसे याच वाटेवर बसून राहतात. तेथून पुढे पाऊल टाकण्यासाठी काय शिदोरी घ्यावी, एवढाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधायला मराठी माणसाला फार लांब जायला नको. आळंदीहून ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरीच्या वेशीशी येते. या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी लावून दिली. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, असे मुक्काम ठरलेले आहेत. दिव्याचा घाट चढताना पाऊस असो की ऊन असो, ‘आज चालावेसे वाटते काय?’ असा प्रश्न वारकऱ्याला कोणी विचारीत नाही आणि तोही स्वतःला विचारीत नाही. आजचा मुक्काम सासवड, एवढे ठरलेले असते. भक्तीचा उमाळा तर असतोच. परंतु सारी वारी केवळ त्या उमाळ्यावर सोपवलेली नाही. ती पंचांगावर, मुक्कामांवर आणि दिंडीच्या क्रमांकावर उभी केलेली आहे. उमाळा आला तर पावलांना फुगडीचे बळ येते; नाही आला तरी पावले पडतच राहतात.

तेव्हा पहिली शिदोरी ही की, कामाची वेळ व जागा पक्की करावी आणि तिला रोजच्या एखाद्या चुकणार नाही अशा गोष्टीचा आधार द्यावा. ‘रात्री केव्हातरी वाचू’ हा संकल्प नव्हे, ती इच्छा आहे. ‘जेवणाची ताटे उचलली की त्याच जागी बसून वाचू’ हा संकल्प. भूक कोणी विसरत नाही, म्हणून जेवणाला बांधलेले वाचनही सहसा विसरले जात नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला आरंभ झाला आणि दर रविवारी एक अध्याय या क्रमाने १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. सानेगुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली, म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळतात. अठरा रविवार आणि अठरा अध्याय! ऐकणाऱ्यांना वार ठाऊक, लिहिणाऱ्याला वार ठाऊक. तुरुंगातला तो उन्हाळा ज्ञानाला अनुकूल होता असे थोडेच? पण रविवार ठरलेला होता.

दुसरी शिदोरी अशी की, कामाचे किमान माप ठरवावे आणि ते इतके लहान ठेवावे की वाईटातल्या वाईट दिवशीही झेपावे. उत्साहाच्या भरात आपण माप ठरवतो ते सर्वोत्तम दिवसाचे. तासभर व्यायाम, अर्धा तास वाचन, दहा नवे शब्द. पण वर्षातले बहुतेक दिवस सर्वोत्तम नसतात. येथे नोएडात हिवाळ्याच्या तोंडाशी हवा इतकी दूषित होते की, पहाटे बाहेर फिरायला जाऊ नका, असे वैद्यच सांगतात. ज्याने ‘बागेत पाच फेऱ्या’ असाच नेम धरला असेल त्याचा नेम नोव्हेंबरात तुटतो आणि मग तो फाल्गुनातही जुळत नाही. ज्याने मनाशी ‘सकाळी चहाआधी अंग हलवायचे’ एवढेच पक्के केले असेल तो घरातल्या घरात दहा मिनिटे हातपाय हलवतो आणि हवा निवळली की पुन्हा बागेत येतो. त्या दहा मिनिटांनी शरीराला फारसा लाभ होत नसेल. पण नेमाचा धागा शाबूत राहतो आणि तोच महत्त्वाचा.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. इतक्या मोठ्या परंपरेपुढे दोन मार्ग दिसत होते. एक तर सारे संकट बाजूला सारून चालावे, नाहीतर यंदा वारीच नको म्हणावे. वारकरी संप्रदायाने आणि शासनाने तिसरा मार्ग काढला. प्रस्थान मोजक्या लोकांत झाले, पादुका तेथेच थांबल्या आणि दशमीच्या दिवशी एस.टी.च्या बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. पुढल्या वर्षीही तसेच झाले. २०२२ साली पुन्हा लाखो पावले त्या रस्त्याला लागली. वारी लहान झाली, इतकी लहान की ती एका मोटारीत मावली. परंतु तुटली नाही. आपल्या घरगुती नेमांसाठी याहून मोठा धडा मला माहीत नाही.

तिसरी शिदोरी म्हणजे सोबत. एकट्याने केलेला संकल्प एकट्यालाच मोडता येतो आणि त्याचा पुकारा होत नाही. दिंडीत प्रत्येकाची जागा असते. ती रिकामी राहिली तर शेजाऱ्याच्या लक्षात येते. मुक्कामी सायंकाळी समाजआरतीपूर्वी हरवले-सापडलेले पुकारले जाते आणि ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते. गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते आणि मगच आरती होते. म्हणजे रोजचा हिशेब रोज चुकता होतो. आपल्या सवयीलाही असा एखादा साक्षीदार असावा. शेजारी असावा, भाऊ असावा, मित्र असावा, आणि कोणीच नसेल तर निदान एक वही असावी. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची यादी करून एक छोटी वही घातली होती. प्रत्येक सद्गुणाला एक आठवडा. चूक झाली की त्या वाराच्या रकान्यात काळा ठिपका. तेरा आठवड्यांचे असे एक आवर्तन, वर्षात चार आवर्तने. सुव्यवस्था हा गुण त्याला अखेरपर्यंत पुरता साधला नाही, हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. परंतु या खटाटोपाने आपण एरवी झालो असतो त्याहून बरे व सुखी माणूस झालो, असेही तो सांगतो. कचेरीतल्या हजेरीपटाला आपण नाके मुरडतो. पण हजेरीपटाचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो कोणाला शाबासकी देत नाही आणि कोणावर रागावत नाही. तो फक्त दाखवतो.

येथे एक आक्षेप येणार हे मला दिसते. ‘असे घड्याळाच्या काट्यावर केलेले काम यांत्रिक होत नाही काय? त्यात मन नसेल तर त्याचा उपयोग काय?’ आक्षेप वजनदार आहे. पण मन आधी आणि कृती मागून, असाच क्रम सदैव असतो हे गृहीत कशाला धरावे? गाडगेबाबा एखाद्या गावात जात तेव्हा आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडू लागत. व्याख्यान नाही, विनवणी नाही. दिवसभर खराटा आणि रात्री कीर्तन. एका फाटक्या गोधडीतल्या माणसाला आपला रस्ता झाडताना पाहून चार माणसे पुढे होत, आणि झाडता झाडता त्यांच्या मनात स्वच्छतेचा विचार येई. मन कृतीच्या मागून चालत येई. गवयाचा पहाटेचा रियाज पाहा. खर्जाचा स्वर लावायला बसताना रोज त्याचे मन गाण्यात असते असे नाही. पण बसल्यावर केव्हातरी स्वर लागतो आणि मन तेथे येऊन बसते. जो बसलाच नाही त्याच्याकडे ते येणार कोठे? उमेदीची वाट पाहत दाराशी उभे राहण्यापेक्षा कामाला लागावे. ती मागल्या दाराने येते.

आणि समजा, इतके करूनही खंड पडला तर? तो पडतोच. आजारपण येते, लग्नकार्य येते, बदली येते. खंड पडल्यावर माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण स्वतःला दंड करतात. काल अर्धा तास चुकला म्हणून आज तासभर. हा तास डोईजड होतो आणि परवा दोन्ही सुटतात. दुसरे काही जण ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणून पाटीच पुसून टाकतात. दोन्ही प्रकार व्यर्थ. चुकलेला दिवस चुकला. त्याचे देणे काढून ठेवू नये. आज आजचे किमान माप पुरे करावे, इतकेच. लंडनच्या त्या पाहणीने जे आकड्यांनी दाखवले ते शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. एक पाळी चुकली म्हणून तो पुढल्या पाळीला दुप्पट पाणी देत नाही आणि पीकही सोडून देत नाही.

आपल्याकडे व्रत आणि नेम असे दोन शब्द आहेत. व्रताला मुदत असते; सोळा सोमवार झाले की उद्यापन करून माणूस मोकळा होतो. नेमाला उद्यापन नसते. नव्या सवयीला आधी व्रत समजावे, असे मला वाटते. आयुष्यभर पहाटे उठेन, असे म्हणू नये. शंभर दिवस उठेन, असे म्हणावे. मुदत संपल्यावर शांतपणे विचार करावा. ही सवय खरोखर आपल्या उपयोगाची आहे काय? नसेल, तर विधिपूर्वक उद्यापन करून ती सोडावी. जाणूनबुजून सोडलेल्या सवयीचा सल राहत नाही. विरून गेलेल्या संकल्पाचा राहतो. आणि असेल, तर मग ते व्रत नेम होऊ द्यावे. बहुधा तोपर्यंत ते झालेलेच असते.

नेम झाल्यावर किती दूर जाता येते, याचे एकच उदाहरण देतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईत वकिली करीत. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० साली प्रसिद्ध झाला आणि पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. बत्तीस वर्षांत एक महायुद्ध झाले, एक साम्राज्य गेले, देश स्वतंत्र झाला, मुंबई राज्याचे महाराष्ट्र राज्य झाले. या सगळ्या काळात एक माणूस पोथ्या पाहतो आहे, टिपणे काढतो आहे, मुद्रिते तपासतो आहे. बत्तीस वर्षे पुरेल अशी उमेद कोणाच्याही जवळ नसते. त्या सहा हजारांहून अधिक पृष्ठांमागे असते ते रोजचे बसणे.

आता त्या नोएडातील घराची उरलेली हकीकत. मे महिन्यात त्या आईवडिलांनी पुन्हा विचार केला. या वेळी त्यांनी एक गोष्ट ओळखली, आणि मला वाटते सारे मर्म तेथेच होते. मुलीची सवय ही मुलीची नसते, ती आईबापांची असते. नऊ वर्षांच्या मुलीने नेम पाळावा अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. तिच्याजवळ कोणीतरी रोज येऊन बसणे, हा नेम मोठ्यांनी पाळायचा असतो. मग अर्ध्या तासाचा नाद त्यांनी सोडला. रात्रीचे जेवण झाले की त्याच जागी दहा ओळी. वडील नसतील तर आई, दोघेही थकलेले असतील तर पाच ओळी. वरच्या फळीवरचे एक पुस्तक खाली आले. बाकीची दहा तेथेच राहिली. आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता सांगलीला दूरध्वनी. आठवड्यातल्या दहा ओळी नातीने आजीला वाचून दाखवायच्या.

यातला रविवारचा भाग सर्वांत उपयोगी ठरला. आजी सहाच्या आधीच फोनजवळ येऊन बसू लागली. नात ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणाली की आजी थांबवते, जीभ कोठे लावायची ते सांगते आणि पुन्हा म्हणायला लावते. वाचून झाल्यावर ती विचारते, “यातल्या ‘उखळा’चा अर्थ कळला का गं तुला?” कळलेला नसतो. मग आजी आपल्या माहेरच्या उखळाची गोष्ट सांगते आणि ती गोष्ट दहा ओळींपेक्षा लांब असते. मुलगी अजून आकडे हिंदीतच मोजते. ‘पंचाहत्तर’ म्हणताना अडखळते. जोडाक्षर आले की आईकडे पाहते. मध्ये दिवाळीचे आठ-दहा दिवस वाचन झाले नाही. भाऊबिजेनंतरच्या पहिल्या रविवारी आजीनेच विचारले, आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

श्रोतेहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वरची फळी असेल. तिच्यावर पुस्तके असतील, तंबोरा असेल, जमाखर्चाची कोरी वही असेल, वैद्याने सांगितलेल्या व्यायामाचा कागद असेल. सगळे एकदम खाली काढू नका. एकच काढा, ते कोणत्या वेळी, कोठे बसून, किमान किती आणि कोणाच्या साक्षीने करायचे, एवढे ठरवा, आणि आज रात्री ताटे उचलल्यावर त्यातले थोडेसे करा. उद्या उमेद असेलच असे मी सांगत नाही. पण ताटे उद्याही उचलायची आहेतच.